‘फॉरमॅट मारायचाय’? आधी बॅकअप उघडून बघा!

लॅपटॉपचं बटण दाबायचं. चहा टाकायचा. तो उकळायचा, गाळायचा, निवांत प्यायचा आणि कप विसळून ठेवायचा. तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसायला लागतो. त्यात क्रोम उघडलं की पंखा असा काही घरघरायला लागतो की वाटतं, आता उडतंय हे!

मग हॉस्टेलमधला किंवा बिल्डिंगमधला जो कुणी ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणून फेमस असतो, त्याला बोलावणं जातं. तो येतो, दोन-चार ठिकाणी क्लिक करतो आणि मोठ्या डॉक्टरसारखं सांगून टाकतो, ‘‘भावा, फॉरमॅट मार. दुसरा इलाज नाही.’’

आणि मग तो प्रश्न येतो. हॉस्टेलमधला मित्र असो की रिपेअरिंगच्या दुकानातला दादा, प्रश्न ठरलेला.

‘‘डेटा घेतलाय ना सगळा?’’

‘‘हो हो, घेतलाय.’’

हे जे ‘हो हो’ आहे ना, ते फार महागात पडतं. मला पडलंय, म्हणून सांगते.

टीवायला असताना माझा प्रोजेक्ट होता जात्यावरच्या ओव्यांवर. मामेभावाच्या लग्नात मामाच्या गावी हळद दळायला माळ्यावरचं जातं खाली काढलं होतं. चार बायका बसल्या, गप्पा मारता मारता ओव्या सुरू झाल्या. मी मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं. पुढे मोबाइलची मेमरी भरली म्हणून रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतली आणि मोबाइलवरून उडवली. एका साउंड एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती कापून, नीट लावून ठेवली. सबमिशनच्या महिनाभर आधी लॅपटॉपने मान टाकली आणि फॉरमॅट मारायचं ठरलं.

मी ‘बॅकअप’ घेतला. प्रोजेक्टच्या फाइल्स पेनड्राइव्हवर कॉपी केल्या. एका सेकंदात काम झालं. मला काय आनंद! तासभराचं रेकॉर्डिंग एका सेकंदात कसं काय कॉपी झालं, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. तो पडला नाही.

नवीन विंडोज टाकलं, सॉफ्टवेअर टाकलं, फाइल उघडली. आत आवाजच नव्हता. त्या फाइलमध्ये फक्त ‘कुठे कापलं, कुठे जोडलं’ याच्या नोंदी होत्या. खरा आवाज तिच्या शेजारच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये होता, तो मी घेतलाच नव्हता. आणि मोबाइलवरून आणलेली मूळ रेकॉर्डिंग होती डाउनलोड्समध्ये. ‘डाउनलोड्समध्ये काय, सगळा कचराच तर आहे’ म्हणून ते फोल्डर मी सोडून दिलं होतं.

एसटी पकडून पुन्हा गावी गेले. तिघींनी आठवून आठवून थोड्या ओव्या सांगितल्या. चौथ्या आजी हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘जात्यावर बसलं की सुचतं गं लेकी. असं खुर्चीत बसून नाही सुचत.’’

वहीतल्या टिपणांवर प्रोजेक्ट निभावला, मार्कही बरे मिळाले. त्या चौथ्या आजींच्या ओव्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

विंडोज पुन्हा मिळतं. सॉफ्टवेअर पुन्हा मिळतं. पिक्चर, गाणी, नोट्सची पीडीएफ, सगळं कुणाकडून तरी पुन्हा मिळतं. जे फक्त तुमच्याच लॅपटॉपवर आहे, ते पुन्हा मिळत नाही. बॅकअप घ्यायचा तो त्याचा.

आत्ताच हा विषय का?

कारण सध्या फॉरमॅटचा सीझन आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. दादाकडून, ताईकडून वारसाहक्काने आलेले किती तरी लॅपटॉप अजून विंडोज १० वरच आहेत. कुणी विंडोज ११ टाकतंय, कुणाचा लॅपटॉप त्यात बसत नाही म्हणून लिनक्स टाकतंय. काहीही टाका. पण त्याआधी अर्धा दिवस बॅकअपला द्या. अर्धा तास नाही, अर्धा दिवस.

‘डीमध्ये टाकलंय, सेफ आहे’

आपल्याकडचा सगळ्यात लाडका गैरसमज. सीमध्ये विंडोज असतं, फॉरमॅट सी होतो, म्हणून सगळं डीमध्ये सरकवलं की झालं!

पण बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी या दोन वेगळ्या डिस्क नसतात. एकाच डिस्कचे ते दोन भाग असतात. एकाच घरात मध्ये पार्टिशन घालून दोन खोल्या केल्यासारखं. घराला आग लागली तर दुसरी खोली वाचेलच असं नाही. डिस्कच खराब झाली तर दोन्ही जातात.

शिवाय पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना समोर जी यादी येते, तिच्यात ‘सी’ आणि ‘डी’ असं लिहिलेलं नसतं. ‘डिस्क ०, पार्टिशन ३’ अशा नावांच्या ओळी असतात. रात्रीचा एक वाजलेला, डोळे मिटायला आलेले आणि कोणती ओळ कशाची हे नक्की माहीत नाही. एक चुकीचा ‘डिलीट’ आणि डी साफ.

‘गेला तर रिकव्हरी सॉफ्टवेअर आहे की!’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. जुन्या हार्ड डिस्कवर कधी कधी ते जमायचं. पण आता बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. अमुक जागा रिकामी झाली, असं विंडोजने तिला कळवलं की ती तिथला जुना डेटा स्वतःच साफ करून टाकते. या सोयीला ‘ट्रिम’ म्हणतात. तिच्यामुळे एसएसडी वेगवान राहते आणि तिच्यामुळेच गेलेला डेटा परत मिळायची शक्यता फार कमी उरते.

विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘रीसेट’ करायची सोय आहे. तिथे ‘कीप माय फाइल्स’ आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ असे दोन पर्याय येतात. पहिल्यात तुमच्या फाइल्स राहतात, तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअर जातात. चांगली सोय आहे. पण मध्येच लाइट गेली आणि बॅटरी आधीच मेलेली असेल तर? म्हणून ‘कीप’ निवडलं तरी बॅकअप हवाच.

फाइल्स राहतात कुठे?

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज ही तीन फोल्डरं सगळेच घेतात. राहून जातात ती बाकीची.

पहिलं नाव डेस्कटॉपचं. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर (२)’, ‘फायनल’, ‘फायनल फायनल’, ‘सर म्हणाले तशी फायनल’ हे सगळं तिथेच पडलेलं असतं.

दुसरं डाउनलोड्स. माझी गोष्ट वाचलीत ना? शिवाय स्कॉलरशिपच्या वेळी मेलवरून उतरवलेले उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, कास्ट व्हॅलिडिटी, मार्कशीट यांच्या पीडीएफ बहुतेक वेळा इथेच असतात. डिजिलॉकरमध्ये जे मिळतं ते मिळेल, पण स्वतः स्कॅन केलेलं मिळणार नाही.

तिसरं, लपलेलं फोल्डर. सी ड्राइव्हमध्ये ‘यूजर्स’, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर आणि त्यात ‘ॲपडेटा’. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू केल्याशिवाय ते दिसतच नाही. बऱ्याच सॉफ्टवेअरचा जीव यात असतो. अनेक गेमचे सेव्ह, सॉफ्टवेअरची सेटिंग्ज, स्टिकी नोट्स, असं बरंच काही. डेस्कटॉपवर चिकटवलेल्या पिवळ्या नोट्समध्ये महत्त्वाचं काही लिहिलं असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन करून त्या सिंक झाल्यात का बघा, नाहीतर सरळ एका फाइलमध्ये कॉपी करून ठेवा.

आता तुमच्या-तुमच्या शाखेचं.

आयटी, बीसीए, इंजिनिअरिंगवाल्यांनो, एक्झॅम्पमध्ये प्रोजेक्ट केला असेल तर नुसतं ‘एचटीडॉक्स’ फोल्डर घेऊन भागत नाही. त्यात तुमचा कोड असतो, डेटाबेस नसतो. तो पीएचपीमायअॅडमिनमधून ‘एक्स्पोर्ट’ करून त्याची वेगळी फाइल करून घ्या. विंडोजच्या आत लिनक्स चालवत असाल तर तिथला कोड डॉक्युमेंट्समध्ये दिसणार नाही, तो वेगळा बाहेर काढावा लागतो. आणि गिटवर ‘कमिट’ केलं म्हणजे ते गिटहबवर गेलं असं नाही. ‘पुश’ केलंत का?

कॉमर्सवाल्यांनो, टॅलीचा डेटा टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो. टॅलीमध्येच ‘बॅकअप’चा पर्याय आहे, तो वापरा. घरच्या दुकानाचे हिशेब त्याच लॅपटॉपवर असतील तर बाबांना विचारल्याशिवाय फॉरमॅटला हातही लावू नका.

मास मीडियावाल्यांनो, व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो. मूळ क्लिप्स कुठे आहेत याचा फक्त पत्ता असतो. क्लिप्स, गाणी, ग्राफिक्स, सगळं सोबत घ्या.

आणि मराठीत टायपिंग करणाऱ्यांनो, रिपोर्ट युनिकोडमध्ये असेल तर चिंता नाही. पण तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल आणि नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नसेल, तर फाइल उघडेल, पण अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील. म्हणून फॉन्टची फाइल आणि रिपोर्टची एक पीडीएफ, दोन्ही जपून ठेवा.

शेवटी ब्राउझर. बुकमार्क आणि पासवर्ड अकाउंटला सिंक आहेत का बघा. पासवर्ड एक्स्पोर्ट करून फाइल काढलीत तर ध्यानात ठेवा, त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडेनागडे लिहिलेले असतात. काम झालं की ती उडवा. ती दुकानात तर अजिबात जाता कामा नये.

‘ड्राइव्हवर आहे ना सगळं!’

असेल. पण खात्री केलीत का?

गूगल अकाउंटला फुकटात १५ जीबी जागा मिळते, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. वनड्राइव्हवर फुकटात ५ जीबी. जागा भरली की नव्या फाइल्स वर जायच्या थांबतात. कोपऱ्यातली सूचना आपण रोज बघतो आणि रोज बंद करतो.

वनड्राइव्हमध्ये आणखी एक मेख आहे. फाइलच्या शेजारी ढगाचं चित्र असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, फक्त ऑनलाइन आहे. म्हणून नेट चालू ठेवून ती आधी उतरवून घ्या, मग हार्ड डिस्कवर कॉपी करा.

सिंक म्हणजे बॅकअप नाही, हेही एकदा डोक्यात पक्कं बसू द्या. सिंकचं काम दोन्हीकडे सारखं ठेवणं. तुम्ही इथे डिलीट केलंत की तिथेही डिलीट होतं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, मग कायमची जाते.

आणि कॉलेजच्या मेल आयडीवर मिळालेल्या जागेवर आयुष्याचा पसारा मांडू नका. ते अकाउंट कॉलेजचं आहे. तुम्ही पास होऊन बाहेर पडल्यावर कॉलेज ते बंद करू शकतं.

व्हॉट्सॲपवर स्वतःलाच फोटो पाठवून ठेवणारेही आहेत. फोटो म्हणून पाठवलात तर त्याची क्वालिटी कमी होते. अगदीच पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पण तो बॅकअप नव्हे, तात्पुरती सोय.

तीन, दोन, एक

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने फोटो सांभाळण्याबद्दलच्या पुस्तकात एक साधा हिशेब मांडला. तो ‘३-२-१’ म्हणून प्रसिद्ध आहे. महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती ठेवायच्या. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवायच्या. आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवायची.

आपल्या भाषेत सांगायचं तर एक प्रत लॅपटॉपवर, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आणि एक ऑनलाइन. फॉरमॅटच्या दिवशी मात्र लॅपटॉपवरची प्रत जाणारच असते. त्यामुळे त्या दिवशी बाहेर किमान दोन प्रती हव्यात. सगळ्याच्या दोन करणं शक्य नसेल, तर निदान जे पुन्हा मिळणारच नाही त्याच्या तरी करा.

हार्ड डिस्क विकत घेणं परवडत नाही? रूममेटची एक दिवसासाठी मागा. पण बाजारात ‘२ टीबी पेनड्राइव्ह’ मातीमोल भावात दिसली तर हुरळून जाऊ नका. अशा किती तरी पेनड्राइव्ह बनावट असतात. २ टीबी दाखवतात, पण खरी जागा थोडीशीच असते. ती भरली की पुढच्या फाइल्स नावापुरत्या कॉपी होतात, उघडत नाहीत.

४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जातच नसेल तर ती बहुधा ‘फॅट ३२’ प्रकारात फॉरमॅट केलेली असते. ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट केली की जातो. अर्थात तसं करताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका.

आणि हे तर लाल अक्षरात लिहून ठेवा. बॅकअपची पेनड्राइव्ह आणि विंडोज टाकायची बूटेबल पेनड्राइव्ह वेगवेगळी हवी. बूटेबल बनवताना पेनड्राइव्हवरचं सगळं साफ होतं. आधी बॅकअप घेतला आणि मग तीच पेनड्राइव्ह बूटेबल केली, असं करणारे कमी नाहीत!

उघडून बघा, मगच पुढे जा

१९९८ ची गोष्ट. पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ चं काम चालू होतं. कुणीतरी चुकून डिलीटची कमांड दिली आणि बघता बघता पिक्चरच्या फाइल्स गायब व्हायला लागल्या. बॅकअप होता. पण तो नीट चालत नव्हता आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मग आठवलं की गॅलिन ससमन या सहकारी बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर पिक्चरची प्रत होती. तो कॉम्प्युटर जपून स्टुडिओत आणला गेला. पिक्चर १९९९ मध्ये आला.

एवढ्या मोठ्या स्टुडिओचं असं होऊ शकतं, तर आपण कोण? त्यांच्याकडे बॅकअप नव्हता असं नाही. तो उघडून बघितला नव्हता.

म्हणून कॉपी करून झालं की मूळ फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा. किती फाइल्स, किती जीबी? बॅकअपमध्येही तेवढंच आहे का? मग बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपला लावा आणि प्रत्येक महत्त्वाच्या फोल्डरमधली एक तरी फाइल उघडा. व्हिडिओ मधूनच चालवून बघा. रेकॉर्डिंग ऐका. दुसऱ्याच लॅपटॉपवर का? कारण तुमच्या लॅपटॉपवर मूळ क्लिप्स आणि फॉन्ट असतातच, तिथे सगळं उघडतंच. माझी ती फाइलसुद्धा तिथे नीट उघडत होती!

लॅपटॉप चालूच होत नसेल तर?

तरी घाबरून लगेच फॉरमॅट नको. विंडोज बिघडलं म्हणजे फाइल्स गेल्या असं नाही. पेनड्राइव्हवरून उबंटूसारखं लिनक्स, इन्स्टॉल न करता, नुसतं चालवून बघता येतं. त्यातून फाइल्स कॉपी करता येतात. नाहीतर दुकानातून डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून घ्या.

यात एक कुलूप आड येऊ शकतं. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. ती उघडायला बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की लागते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल तर ती बहुधा त्याच अकाउंटच्या वेबसाइटवर सापडते. आजच बघून वहीत लिहून ठेवा. लॅपटॉपमध्ये सेव्ह करू नका. कुलपाची किल्ली कुलूपबंद कपाटात ठेवून काय उपयोग?

फॉरमॅटच्या आदल्या दिवशी

१. सबमिशनच्या आठवड्यात फॉरमॅट नको म्हणजे नको.

२. कागदावर यादी करा. ‘फक्त माझ्याच लॅपटॉपवर काय आहे?’ त्यापासून सुरुवात करा.

३. ‘कट’ नाही, ‘कॉपी’ करा.

४. डेस्कटॉप, डाउनलोड्स, ॲपडेटा आणि शाखेप्रमाणे डेटाबेस, टॅली, क्लिप्स, फॉन्ट. एकेकावर टिक करा.

५. बिटलॉकर की आणि महत्त्वाच्या अकाउंटचे मेल आयडी वहीत लिहा. ओटीपी येणारा मोबाइल चार्ज करून हाताशी ठेवा.

६. वायफायचा ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवरून आधीच उतरवून ठेवा. नवीन विंडोजमध्ये वायफायच चाललं नाही तर ड्रायव्हर शोधायला नेट कुठून आणणार?

७. बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा.

८. विंडोज टाकताना बॅकअपची हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा. ती लावलेलीच नसेल तर चुकून फॉरमॅट होणार नाही.

९. लॅपटॉप दुकानात देणार असाल तर बॅकअप घरी ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नाही.

१०. नवीन विंडोज आल्यावर लगेच बॅकअप उडवू नका. महिनाभर राहू द्या. काय राहिलं ते हळूहळू आठवतं.

आता एक काम करा. पुढच्या पानावर जायच्या आधी तुमचा लॅपटॉप डोळ्यांसमोर आणा. आज रात्री तो बंद पडला आणि पुन्हा चालू झालाच नाही, तर सगळ्यात आधी तुम्हाला कशाची आठवण येईल? बाबांसोबतचा एखादा व्हिडिओ, अर्धी लिहिलेली कथा, फर्स्ट इयरच्या ट्रिपचे फोटो, की एखाद्या आजीचा आवाज?

जे काही आठवलं असेल, त्याची एक प्रत आजच दुसरीकडे ठेवा. आणि हो, उघडून बघा.